कळंब स्पीकिंग

आमच्या वरच्या खोलीत एक बाई भाड्यानं राहायच्या. त्या मला आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाचा घोळ व्हायला नको. वागायला त्या वाईट नव्हत्या. नळ नीट बंद करायच्या, जिना झाडून घ्यायच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गल्लीतल्या बायका त्यांचं कौतुक करायच्या. करोत बापड्या. त्यांचं काही गेलं नव्हतं.

आमचं घर कळंबच्या बाजारामागच्या गल्लीत. पुढं माझं लेडीज टेलरिंगचं दुकान, मागं आम्ही राहतो, वर ती खोली. दुकानात आम्ही दोघी, मी आणि शमीम. मी माप घेते आणि कापते, शमीम शिवते. माझी मुलं शाळेत जायला लागायच्या आधीपासून हे असंच आहे. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की समोरच्या हॉटेलातून एक चहा यायचा. अर्धा मी कपातून प्यायचे, अर्धा ती बशीतून. नवऱ्याशी बोलले नसेन एवढं मी शमीमशी बोलले आहे. नवऱ्यालाही ते माहीत आहे, त्याला त्यात सोयच वाटते.

बाई टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या. परगावचा फोन मागून घ्यावा लागायचा आणि तीन-तीन मिनिटांनी मोजला जायचा त्या काळात त्या इथल्याच एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून दिवसभर बोर्डवर लाइनी जोडायच्या. पुढं फोन आपोआप लागायला लागले, बोर्ड निघाला, बाईंना कुठल्याशा टेबलावर बसवलं. पण त्यांचं बोलणं बोर्डवरचंच राहिलं. दार वाजवलं की आतून "या" नाही, "बोला, कोण पाहिजे?" खोलीत त्या एकट्या. दुसरं कोण पाहिजे असणार? समोरच्यानं उत्तराला उशीर केला की, "हॅलो, बोला, वेळ चालू आहे." आणि आलेलं माणूस जरा रेंगाळलं की घड्याळाकडं न बघताच म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?" लोक हसायचे आणि वाढवून घ्यायचे. मी पहिल्यांदा वर गेले ती टाकीच्या पाण्याचं सांगायला. मला तसं विचारल्यावर मी उठून खाली आले. मला वाढवून मागायची सवय नाही.

लग्न केलेलं नव्हतं. का नाही, असं गल्लीतल्या एकीनं विचारलंच. "लाइन बिझी होती," म्हणाल्या, आणि तिच्या हातात फुटाण्याची वाटी दिली. पुढचं विचारायची सोय ठेवली नाही.

त्यांच्या खोलीत पलंग नव्हता. गादी दिवसा गुंडाळून भिंतीला उभी असायची, कारण खोलीची चांगली, खिडकीकडची बाजू विमानाला दिलेली होती. विमान म्हणजे एक रुंद पडदा, खाली कॉम्प्युटर, टेबलाला आवळून बसवलेली एक दांडी, आणि फरशीवर दोन पायडल. लातूरच्या भाचीनं आणून बसवून दिलेलं. पडद्यावर विमानाच्या पुढच्या काचेतून दिसावं तसं दिसायचं. खेळच तो, पण खेळासारखा उरकता यायचा नाही. खऱ्या विमानाला जितका वेळ लागतो तितकाच याला लागायचा. तिथं आभाळ आलं असलं तर पडद्यावरही आभाळ यायचं. आणि असेच नाद असलेले लोक जगभर आपापल्या घरी बसलेले असायचे. कुणी विमान चालवायचं, कुणी विमानतळाचा टॉवर व्हायचं, आणि हेडफोनमधून एकमेकांशी बोलायचे. बाईंना आणखी काय पाहिजे? परत कानात हेडफोन आणि लांबची लाइन.

टॉवरशी बोलायची एक ठरलेली रीत असते म्हणे. आधी विमानाचा नंबर सांगायचा वगैरे. बाई सांगायच्या, पण त्याच्या आधी, जुन्या सवयीनं, "हॅलो, कळंब स्पीकिंग." पहिल्यांदा तिकडचे लोक चक्रावले. नकाशावर शोधत बसले असतील. मग ओळखायला लागले. कुठल्या कुठल्या देशाचा माणूस कानात "गुड मॉर्निंग, कलांब" म्हणायचा आणि बाई हे गल्लीभर सांगत सुटायच्या. मला नाही सांगायच्या. मी विचारत नव्हते.

त्यांचं विमान हैदराबादहून निघालं होतं. दर रविवारी एक टप्पा. जिथं उतरेल तिथं ते आठवडाभर उभं, आणि बाईही आठवडाभर तिथंच.

"बाई, उद्या टाकी धुवायचीय. पाणी भरून ठेवा," मी जिन्यातून सांगायचे.

"मी सध्या अदिस अबाबात आहे, मालकीणबाई. इथं पाऊस चालू आहे."

"मग त्या पावसात बादली लावा."

खोलीतलं घड्याळ विमानाबरोबर फिरायचं. दुबईला गेल्या तेव्हा फार काही बिघडलं नाही. पण आफ्रिका ओलांडून साओ पाउलोला पोचल्या आणि त्यांची सकाळ आमच्या दुपारी व्हायला लागली. आम्ही जेवून भांडी घासून बसलो की वर बाई दात घासायच्या. तिकडं थंडी असेल तर आमच्या उन्हात शाल. गल्लीला गंमत वाटायची. मला एवढंच दिसत होतं, की त्यांचा सकाळचा चहा आणि आमचा दुपारचा चहा आता एकाच वेळेला येणार. आणि तो आलाच. पण ते पुढं.

जायचं कुठं होतं? उशुआया नावाचं गाव. दक्षिण अमेरिकेच्या पार शेपटाला. त्याच्या खाली म्हणे समुद्र आणि बर्फ.

"तिथं कोण आहे तुमचं?" मी एकदा विचारलं.

"कुणी नाही. बोर्डवर होते तेव्हा दुबई मागितली लोकांनी, मस्कत मागितलं, एकानं लंडनसुद्धा मागितलं. उशुआया कधी कुणी मागितलं नाही. कळंबचं तिथं कुणीच नाही, मालकीणबाई."

"मग कशाला जायचं?"

"म्हणूनच," म्हणाल्या, आणि माझी तीन मिनिटं झाली.

सुरुवातीच्या रविवारी गल्लीतल्या चार बायका प्रवासी म्हणून बसायच्या. बाईंनी प्लास्टिकच्या खुर्च्या दोन-दोन मांडलेल्या. एक्स्चेंजच्या आवाजात सूचना व्हायची, "प्रवाशांनी खुर्चीचे पाय फरशीच्या रेघेवर ठेवावेत. मध्ये उठून गॅस बंद करायला जाता येणार नाही." आमच्या कोपऱ्यावरच्या मावशींनी चिवडा करून नेला होता. विमान उडाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, तुळजापूरवरनं जातंय का हे? न्हाय, आईच्या कळसाला वरून एक चक्कर घालू द्या म्हणलं."

"ही एस.टी. नाही मावशी, हात दाखवला की थांबायला."

"थांबा कोण म्हणतंय? नुस्ती चक्कर घाला."

बाईंनी घातली नाही. मावशींनी त्या दिशेला हात जोडले आणि चिवड्याचा डबा झाकून घेतला. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. बाकीच्याही गळाल्या. तासन् तास ढग बघायला कुणाला वेळ आहे? ढगांतून बाहेर आलं की परत ढगच.

आता शमीम. आमच्या दुकानात तिचं पायमशीन आहे. मी तिला एकदा मोटर बसवून दिली होती. दोन दिवसांत तिनं ती काढून ठेवली. "आक्का, मोटरीला थांबायचं कळत न्हाय," म्हणाली. खरं होतं. बाहीच्या गोलाईला शमीमचं मशीन असं हळू होतं, की सुई विचार करतेय असं वाटावं.

बाई एकदा साडीला पिको करायला खाली आल्या. साडी माझ्या हातात दिली आणि बघत राहिल्या टेबलाखाली.

"हे पाय कुणाचे?" त्यांनी विचारलं. फोनवर कोण बोलतंय विचारावं तसं.

शमीम लाजली. पाय साडीत ओढून घेतले.

बाईंचे गुडघे गेलेले होते. दांडी त्या छान चालवायच्या, पण पायडल त्यांच्यानं दाबवत नव्हते, आणि ते दाबल्याशिवाय विमान जमिनीवर सरळ राहत नाही. त्यामुळं प्रत्येक वेळी उतरताना त्या धावपट्टी सोडून गवतात जायच्या. "हे पाय मला रविवारचे द्या," त्या मला म्हणाल्या. शमीमला नाही, मला.

"पाय तिचे आहेत, तिला विचारा," मी म्हणाले. मला वाटलं, शमीम नाहीच म्हणेल. तिला रविवारी घरची सतरा कामं. धाकटा दीर तिच्याकडंच जेवायला. पण ती म्हणाली, "बगू या की एकदा."

पहिल्या रविवारी काय झालं ते शमीमनंच सांगितलं, हसून हसून डोळ्याला पाणी आणत. धावपट्टीवर विमान सुटलं, आणि सवयीनं तिचे दोन्ही पाय मशीन मारायला लागले. वर-खाली, वर-खाली. विमान नागासारखं वळवळत निघालं. बाई ओरडल्या, "शमीम, शिवण घालायची नाही! पट्टी सरळ कापलेली आहे, नुसतं मधून जायचं!" तरी पाय थांबेनात. विमान गेलं गवतात. तिकडचा टॉवरवाला विचारतोय, कलांब, सगळं ठीक आहे ना? बाई म्हणाल्या, "वन मिनिट प्लीज, टेलर ऑन लाइन."

मीही हसले. तेव्हा मला हसू येत होतं.

महिनाभरात शमीमचे पाय विमानाला सरावले. मग सोमवारी दुकानात आल्यावर तिच्या बोलण्यात जोहान्सबर्ग यायला लागलं. मी म्हणायचे, पाटलीणबाईंचं अस्तर आलं का बघ. ती म्हणायची, "आक्का, काल खालून निस्ता दर्या व्हता. सकाळधरनं संध्याकाळपतूर दर्या. कटाळा म्हनून आला न्हाय." विमान वर गेलं की आपलं आपण चालतं, पायांना काम नसतं, तर त्या वेळात बसून तिनं माझ्या दुकानाची हुकं आणि काजं करून आणली. म्हणजे कामाबद्दल बोलायलाही जागा नाही. ब्लाउजांची थप्पी माझ्यासमोर ठेवली, एकेक हुक मोत्यासारखं. ही हुकं अटलांटिक महासागरावर लावलेली आहेत हे गिऱ्हाइकाला कुठं माहीत?

मग चहा. बाईंची सकाळ आमच्या दुपारी सरकल्यावर वरून हाक यायची, "शमीम, चहा टाकलाय." ती जायची. "आक्का, आलेच." येताना तिच्या ओठावर वेलदोड्याचा वास. हॉटेलचा पोऱ्या माझ्यासमोर कप ठेवून जायचा. एक पूर्ण कप चहा मला जास्त होतो. पित्त होतं. तरी मी सगळा प्यायचे.

आणि एक दिवस जिन्यातून तिचा आवाज आला, "आपा, शाल ऱ्हायली तुमची खाली."

आपा! सख्ख्या मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. मी तिची आक्का, ते ठीक आहे, मला अर्धी गल्लीच आक्का म्हणते. पण आपा तिनं मला कधी म्हटलं नव्हतं. मी तशी अपेक्षाही केली नव्हती. त्या दिवशी मी एका ब्लाउजचा गळा दोन बोटं खोल कापला. असं माझ्याकडून कधी होत नाही.

"काय मिळतं गं तुला तिथं?" मी तिला विचारलंच.

तिनं सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आणि म्हणाली, "काय न्हाय, आक्का. पन इथं पाय हालवला की ब्लाउज निघतो. तिथं पाय हालवला की दर्या निघतो."

मी पिकोच्या मशीनला तेल घातलं.

बाईंचं विमान ब्युनॉस आयर्सला पोचलं. आता शेवटचा टप्पा राहिला. बाई खाली आल्या आणि म्हणाल्या, "मालकीणबाई, त्या दिवशी लाइट गेली तर तुमच्या इन्व्हर्टरची लाइन वर मिळेल का?"

"इन्व्हर्टर पंख्याला आणि दिव्याला आहे. विमानाला नाही."

"बरं," म्हणाल्या. वाढवून मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती लाइन शमीमनं मागितली. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. दिवाळीचा बोनससुद्धा मीच बळंच हातात कोंबते. आणि पहिल्यांदा मागितलं ते बाईंच्या विमानासाठी. मी वायरमनला बोलावून लाइन वर जोडून दिली.

"कुठल्या रविवारी आहे?" मी विचारलं.

"रविवारी न्हाय." तिनं मान खाली घातली. "येळवशीला."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गाव ओस पडतं, जो तो शेतात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, ओलगे ओलगे म्हणत रानाच्या कडेनं अंबील शिंपडायची, आणि मग शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगापोळी. रस्त्यानं जाणारा ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. माझ्या शेतात शमीम दर वर्षी येते. पहिली पंगत उठली की आम्ही दोघी चिंचेखाली बसतो. वर्षातून तेवढा एक दिवस आमच्या दोघींमध्ये मशीन नसतं.

"उशुआया कुठं पळून चाललंय का? रविवारी जा."

"त्या दिवशी समदं गाव रानात, मधी कुनी दार वाजवत न्हाय, म्हनून आपांनी तोच दिवस धरला. तिथल्या टॉवरवाल्याला कळवलंबी. तो मुद्दाम बसनार हाय."

"त्याला पाहिजे तर बसू दे. आपल्या शेतात तुझी जागा कोण घेणार?"

"आक्का," ती म्हणाली, "येळवस पुढच्या सालीबी येती. त्ये विमान माझ्या पायाबिगर उतरत न्हाय."

मी म्हणाले, जा. आणखी एक शब्द बोलले असते तर तिला कळलं असतं.

येळवशीला आम्ही शेतात गेलो. मांजरा नदीकडचं आमचं रान, ज्वारी छातीएवढी आलेली, पूजा झाली, अंबील शिंपडून झाली. जे काही करायचं ते सगळं मी केलं. पंगत वाढताना सासूबाईंनी इकडं तिकडं बघितलं. त्यांना कमी दिसतं, पण कोण नाही ते बरोबर दिसतं.

"शमीम कुठाय गं?"

"विमानात."

"आँ? कुठं निघाली?"

"लई लांब."

सासूबाईंनी हातातला उंडा ताटात ठेवला. "येळवशीच्या दिवशी? जेवून तरी गेली का?"

मी डबा भरला. भज्जी, उंडे, दोन शेंगापोळ्या, आणि छोट्या चरवीत अंबील. चरवीचं तोंड फडक्यानं बांधलं आणि स्कूटीच्या पुढं पायांत धरली. नवरा म्हणाला, आता कुठं? मी म्हणाले, दुकानाला कुलूप लावलं का ते बघून येते. मी काही शमीमच्या ओढीनं गेले नाही. सासूबाईंनी विचारलं म्हणून गेले. वाटेत तीन शेतांवरून हाका आल्या, "आवो, जेवून जावा!" मी चरवी दाखवून पुढं निघाले.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लाइट गेलेली. जिन्याखाली इन्व्हर्टर टीं टीं करत होता, म्हणजे बॅटरी संपत आलेली. घरात कुणी नसताना देवघरातला बल्ब चालू, दुकानातला पंखा चालू, मागच्या खोलीतली ट्यूब चालू. आमच्या घरच्या माणसांची ही रीतच आहे.

वरून बाईंचा आवाज येत होता, "उजवीकडून वारा. अजून पाय नको. अजून नको."

मी बटणांच्या बोर्डसमोर उभी होते. वरच्या खोलीचं बटण शेवटचं. ते दाबलं असतं तर विमान डोंगरातच राहिलं असतं, आणि शमीम दोन मिनिटांत खाली आली असती. चिडून आली असती, रडून आली असती, पण खाली आली असती. बोट त्या बटणावर गेलं. खोटं कशाला सांगू? पण मी टेलर आहे. अर्धं कापलेलं कापड मला तसंच टाकता येत नाही, मग ते दुसऱ्याचं का असेना. मी देवघर, पंखा, ट्यूब, जिना, सगळं बंद केलं. टीं टीं थांबलं नाही, पण सावकाश झालं. मग डबा हातात आणि चरवी कमरेवर घेऊन वर गेले.

दोघींपैकी एकीनंही वळून बघितलं नाही. बाई शाल पांघरून दांडीला धरलेल्या, कानात हेडफोन. शेजारी शमीम, अनवाणी, दोन्ही पाय पायडलवर. पडद्यावर दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, मध्ये राखाडी पाणी, आणि पाण्यात पुढं आलेल्या जमिनीवर धावपट्टी, कापडावर खडूची रेघ मारावी तेवढी. विमानाचं नाक त्या रेघेकडं नव्हतंच. ते बाजूच्या पाण्याकडं होतं. मला वाटलं, चुकलं. कडेकडेनं, खेकड्यासारखं चाललंय.

"अजून नको," बाई म्हणाल्या. पट्टी जवळ आली. "अजून नको." पट्टी रुंद झाली. "आता."

शमीमचा डावा पाय पुढं गेला. झटक्यानं नाही. बाहीच्या गोलाईला जसा जातो तसा, कापडाला सुरकुती पडू न देता. विमानाचं नाक वळलं, रेघेवर आलं आणि चाकं टेकली. वारा ढकलत होता, ते स्पष्ट दिसत होतं. पाय तसाच धरून ठेवला तिनं, थोडा सैल, परत थोडा घट्ट, विमान पार थांबेपर्यंत.

इतकी वर्षं मी ते पाय रोज बघते. पायात चांदीचे तोडे होते तेव्हापासून, ते मोडले तेव्हाही, टाचांना भेगा पडल्या तेव्हाही. ते असं काही करू शकतात हे मला माहीत नव्हतं, आणि वरच्या बाईंना एका नजरेत कळलं होतं. मला आनंद वगैरे झाला नाही.

बाईंनी शमीमचा हात धरला, शमीमनं बाईंचा. मग त्यांना मी दिसले.

"आक्का! तुमी कवा आलाव?"

"जेवून घ्या," मी म्हणाले. "सासूबाईंनी पाठवलंय."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या, चरवीकडं बघितलं, आणि हेडफोनमध्ये म्हणाल्या, "हॅलो उशुआया, कळंब स्पीकिंग. टुडे अवर फेस्टिवल. पार्टी वॉन्ट्स टु स्पीक." माझं मला कळायच्या आत त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. "बोला मालकीणबाई. लाइन जोडलीय."

कानात खरखर होती. मग एका माणसाचा आवाज, झोपेतून उठून बसल्यासारखा, "गुड मॉर्निंग, कलांब."

जगाच्या टोकावरचा माणूस आमच्या गावाचं नाव घेत होता आणि मी हातात चरवी घेऊन उभी. मला कुठं इंग्रजी येतं? येळवशीला बांधावरच्या माणसाला जे म्हणतात तेच तोंडातून निघालं.

"या, जेवायला या."

मग तो काहीतरी म्हणाला, त्याच्या भाषेत, लांबलचक. मला एक अक्षर कळलं नाही. पण तोही बोलवत होता, एवढं कळलं.

शमीम हसायला लागली. माझ्याकडं बघून, पोट धरून, दुकानात हसते तशी. किती दिवसांनी! मग मीही हसले असेन.

"तीन मिनिटं झाली," बाई म्हणाल्या, आणि माझ्या कानावरून हेडफोन काढून घेतला. बघा. हे असं होतं त्यांचं.

पुढच्या पावसाळ्याआधी बाईंचे गुडघे अगदीच बसले. जिना चढवेना. भाची येऊन त्यांना लातूरला घेऊन गेली. कॉम्प्युटर टेम्पोत चढला. पायडल बाई शमीमला द्यायला लागल्या, तिनं घेतले नाहीत. "तुमच्यासंगंच ऱ्हाऊ द्या, आपा. विमान माघारी आनायचंय न्हवं?" ते विमान काही माघारी आलं नाही. अजून तिथंच उभं आहे, उशुआयाला. वरच्या खोलीत आता बँकेतला एक मुलगा राहतो. त्याला ढग आवडत नाहीत, क्रिकेट आवडतं.

येळवशीला शमीम परत शेतात यायला लागली. चिंचेखाली माझ्या शेजारी बसते. तिच्या ताटातली भज्जी निवेपर्यंत कधी कधी बांधाकडं बघत राहते.

"तिकडं काय आहे?"

"काय न्हाय आक्का. वारा लई हाय."

दुपारचा चहा परत अर्धा अर्धा झाला आहे. माझं जे गेलं होतं ते परत आलं, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणते. फक्त अधूनमधून, काम चालू असताना, शमीमचं मशीन मध्येच थांबतं. मान वर होत नाही, कापड सुईखालीच असतं. मी टेबलाखाली बघते. डावा पाय पुढं, उजवा मागं, दोन्ही तसेच धरलेले. ब्लाउज वेळेवर होतात.

शमीमचा फोन तिच्या पिशवीच्या तळाशी असतो, तिला तो कधी ऐकू येत नाही. त्यामुळं लातूरचा फोन माझ्या मोबाइलवर येतो. बरोबर दुपारी, चहाच्या वेळेला. मला माहीत असतं कोण आहे ते, तरी मी उचलते.

"हॅलो, कळंब का? शमीमला द्या."

मी कशी आहे, दुकान कसं आहे, काही नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या लाइनी जोडल्या, आता ते काम माझ्याकडं आलंय.

"थांबा, जोडून देते," मी म्हणते आणि फोन शमीमच्या कानाला लावते, कारण तिचे हात कापडात असतात. ती मान वाकडी करून फोन खांद्यात धरते. "हां आपा. हां. बोला." आणि तिचा डावा पाय हळूच पुढं सरकतो.

मी चहा संपवते. माझा अर्धा, मग तिचाही, कारण गार झालेला तिला चालत नाही. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसते.

"तीन मिनिटं झाली," मी मोठ्यानं म्हणते. "वाढवायचं का?"

"वाढवा, आक्का," शमीम म्हणते. वळून बघत नाही.